नवी छोटी पेट्रोल गाडी लिटरला १५ च का देते, आणि त्यावर काय करता येते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : एक लिटर इंजिनाची, पाच गिअरची नवी पेट्रोल हॅचबॅक घेऊन तीन महिने झाले. कंपनीने लिटरला २४ किलोमीटरच्या पुढचा आकडा सांगितला होता. पुण्यात वाकडहून हिंजवडीच्या शेवटच्या फेजपर्यंत, एका बाजूने नऊएक किलोमीटरच्या रोजच्या जाण्यायेण्यात मात्र समोरच्या पडद्यावर १५ च दिसतात. शोरूममध्ये ‘तिसऱ्या सर्व्हिसिंगनंतर वाढेल’ असे सांगतात आणि ओळखीचे एक गृहस्थ पेट्रोलमध्ये टाकायचे औषध सुचवतात. गाडीत दोष आहे का, आणि नसल्यास अ‍ॅव्हरेज वाढवण्यासाठी नेमके काय करावे, हे आपल्याला हवे आहे.

छोट्या पेट्रोल गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि ‘अ‍ॅव्हरेज मिळत नाही’ ही तक्रार तिथे सतत येते. त्या अनुभवावरून सांगतो की अशा बहुतेक नव्या गाड्यांत दोष नसतो. पेट्रोल जाते ते उभ्या गाडीत आणि ब्रेकच्या पायाखाली, आणि या दोन्ही जागा पुष्कळ अंशी चालवणाऱ्याच्या हातात असतात. म्हणून या उत्तराचा मोठा भाग चालवण्याबद्दल आहे. मात्र त्याआधी १५ हा आकडा खरा आहे का आणि २४ हा आकडा कशाचा आहे, हे पाहून घेऊ.

पडद्यावरचे अ‍ॅव्हरेज हा गाडीच्या कॉम्प्युटरने केलेला अंदाज असतो. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून तो पेट्रोलचा हिशेब मांडतो, आणि हा हिशेब पुष्कळदा खऱ्यापेक्षा थोडा चांगलाच दिसतो. खरा आकडा टाकी भरूनच काढावा लागतो. शक्यतो एकाच पंपावर, एकाच मशीनवर जाऊन नोझल आपोआप पहिल्यांदा बंद होईपर्यंत पेट्रोल भरावे आणि ट्रिप मीटर शून्य करावे. टाकी पाऊण रिकामी होईपर्यंत गाडी चालवून पुन्हा तसेच भरावे आणि झालेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागावे. एका टाकीच्या हिशेबावर विश्वास ठेवू नये, कारण नोझल कधी अर्धा-एक लिटर आधी तर कधी नंतर बंद होते. लागोपाठ तीन-चार टाक्यांची बेरीज घेतली की ही चूक बरीचशी विरते. नोझल बंद झाल्यावर राउंड फिगरसाठी आणखी पेट्रोल कोंबू देऊ नये, ही विनंती आग्रहाने करतो. टाकीतील पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा प्रत्येक आधुनिक गाडीत असतो. काठोकाठ भरलेल्या टाकीतून त्यात पेट्रोल शिरले की तो निकामी होतो, आणि तो बदलणे स्वस्त नाही.

आता २४ चा आकडा. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) अधिकृत संस्थांत ही चाचणी होते आणि ती रस्त्यावर नव्हे, तर रोलरवर होते. गाडीची चाके रोलरवर फिरतात आणि चालक समोरच्या आलेखाप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. हा आलेख ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहून थोडा कमी असून त्यात सुमारे साडेदहा किलोमीटर अंतर धरलेले आहे. शहरी भागात वेग ताशी ५० च्या वर जात नाही, हायवेच्या भागात ९० च्या वर जात नाही, वेग वाढवणे अत्यंत सौम्य असते आणि एसी बंद असतो. खड्डा नाही, चढ नाही, मध्येच घुसणारी रिक्षा नाही. हा आकडा खोटा नव्हे. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम आहे. मात्र आपल्या गाडीने वाकडच्या रहदारीत तोच आकडा द्यावा, ही अपेक्षा त्या चाचणीकडून करता येत नाही. छोट्या पेट्रोल गाडीला गर्दीच्या शहरात जाहीर आकड्याच्या साठ ते सत्तर टक्के आणि मोकळ्या रस्त्यावर संयमी वेगात ऐंशी ते नव्वद टक्के मिळाले, तर मी त्या गाडीला निरोगी समजतो.

आपल्या रोजच्या वाटेचा हिशेब मांडून पाहू. गाडी चालू असताना लिटरला २० देते असे धरले, तर नऊ किलोमीटरला ४५० मिलिलिटर पेट्रोल लागते. एक लिटरचे इंजिन एसी लावून उभ्या उभ्या चालू ठेवले, तर ते तासाला साधारण पाऊण लिटर पिते. भूमकर चौकात, पुढे हिंजवडीच्या शिवाजी चौकात आणि कंपनीच्या गेटवर मिळून बारा मिनिटे उभे राहावे लागले, की १५० मिलिलिटर गेले. एकूण झाले ६०० मिलिलिटर, आणि नऊ किलोमीटरना त्याने भागले की बरोबर लिटरला १५ येतात. इंजिन तेच, पेट्रोल तेच. पाच किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज केवळ उभे राहण्यात गेले. म्हणून कामाची वेळ थोडी मागेपुढे करणे शक्य असेल, तर माझा पहिला सल्ला घरून वीस-पंचवीस मिनिटे लवकर निघण्याचा आहे. कोणत्याही बाटलीतल्या औषधापेक्षा त्याने अधिक पेट्रोल वाचेल. सिग्नलवर सेकंदांचा आकडा दिसत असेल आणि तो तीसहून जास्त असेल, तर इंजिन बंद करावे. पुन्हा सुरू करताना जाणारे पेट्रोल हे जेमतेम काही सेकंदांच्या आयडलिंगइतके, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवण्याइतके असते. आपल्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी. त्या गाड्यांना स्टार्टर आणि बॅटरी या कामासाठीच मजबूत दिलेली असते, त्यामुळे त्या लवकर खराब होतील ही भीती बाळगू नये.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे ब्रेककडे येतो.

माणसांसह हजार किलो वजनाची गाडी ताशी ६० वेगाने चालली असेल, तर तिच्यात सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा पेट्रोल जाळूनच मिळवलेली असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण छोटे इंजिन रोजच्या वापरात तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते. म्हणजे गाडी ६० पर्यंत नेण्यासाठी जवळजवळ १७ मिलिलिटर पेट्रोल लागले. आपण ब्रेक दाबून ती थांबवली की हे सगळे पेट्रोल ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन निघून गेले. लिटरला २० देणारी गाडी १७ मिलिलिटरमध्ये साडेतीनशे मीटर गेली असती. हीच गाडी ४० वरून थांबवली, तर सुमारे आठच मिलिलिटर जातात, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शहरात दोन सिग्नलच्या मध्ये ६० गाठून पुन्हा थांबणारा आणि ४० वर राहून पुढच्या सिग्नलला त्याच वेळी पोचणारा, या दोघांत एवढे अंतर पडते.

ग्राहकाच्या शेजारी बसून चक्कर मारताना मी रस्त्याकडे कमी आणि त्यांच्या उजव्या पायाकडे जास्त पाहतो. दोनशे मीटरवरचा सिग्नल लाल झालेला स्पष्ट दिसत असतो, पुढच्या गाड्यांचे मागचे दिवे लागलेले असतात, तरी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच असतो. शेवटच्या चाळीस मीटरमध्ये तो ब्रेकवर येतो आणि गाडी नाक खाली घालून थांबते. तेव्हा मी एवढेच सांगतो की पुढचा लाल दिवा दिसला की त्या क्षणी पाय उचला, गिअर तसाच राहू द्या, आणि पडद्यावर त्या क्षणाचे अ‍ॅव्हरेज दाखवणारी पट्टी पाहा. पट्टी एकदम शेवटच्या टोकाला जाते. गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला आणि इंजिन आयडलपेक्षा पुरेसे वर फिरत असले, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो आणि इंजिनात पेट्रोलचा थेंबही जात नाही. चाकेच इंजिन फिरवत असतात. ते दोनशे मीटर गाडी फुकट चालते. इंजिनाचे मिनिटाचे फेरे बाराशे-पंधराशेच्या आसपास उतरले की पेट्रोल पुन्हा सुरू होते. गाडी थरथरण्याआधी क्लच दाबावा, एवढेच. पुष्कळदा अशी घरंगळत गेलेली गाडी पोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि थांबावेच लागत नाही. त्यातला फायदा सर्वांत मोठा आहे, कारण हलत्या गाडीचा वेग वाढवायला उभ्या गाडीपेक्षा पुष्कळ कमी पेट्रोल लागते.

यावरून हेही स्पष्ट व्हावे की उतारावर गाडी न्यूट्रल करणे हा जुना सल्ला आजच्या गाडीला लागू नाही. कार्ब्युरेटरच्या काळात त्याला थोडाफार आधार होता. आज न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी पेट्रोल घेते आणि गिअरमध्ये ते काहीच घेत नाही. कात्रजच्या जुन्या घाटातून पुण्याकडे उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून उतरलेली गाडी तेवढा उतार बहुतांशी पेट्रोलविना उतरते, आणि इंजिन तिला आवरून धरत असल्यामुळे ब्रेकही तापत नाहीत. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचे ब्रेक तापून ऐन वळणावर दगा देऊ शकतात, आणि इंजिन बंद करून उतरणाऱ्याचे तर स्टिअरिंग जड होऊन ब्रेकला जोर देणारा बूस्टरही जातो. पेट्रोल वाचवण्यासाठी हे कोणीही, कधीही करू नये.

वेग वाढवण्याबद्दल एक गैरसमज आहे की पाय जितका हलका तितके पेट्रोल कमी. पूर्ण पाय दाबणे वाईटच, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहणेही तेवढेच वाईट, कारण छोटे इंजिन कमी फेऱ्यांवर आणि मध्यम भारावर सर्वांत काटकसरीने चालते. मोकळा रस्ता दिसत असेल, तर पाय मध्यम दाबून दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास एकेक गिअर वर टाकावा आणि हवा तो वेग गाठला की गाडीला झेपेल त्या सर्वांत वरच्या गिअरमध्ये पाय हलका करावा. सपाट रस्त्यावर आपली गाडी ५०-५५ ला पाचवा गिअर सहज घेते. इंजिन गुरगुरू लागले किंवा पाय दाबूनही गाडी ओढेना, तर मात्र गिअर खाली आणावाच. तीन सिलिंडरच्या इंजिनाला वरच्या गिअरमध्ये रेटत ठेवल्याने बचत होत नाही आणि त्याचे नुकसान होते. एएमटीची, म्हणजे स्वतःच गिअर बदलणारी गाडी असणाऱ्यांनी वेग मिळाल्यावर पाय किंचित उचलावा, म्हणजे गाडी वरचा गिअर लवकर टाकते. मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या रांगेत हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी आणि मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून ती जागा भरावी. मागचे हॉर्न वाजवतील, तर वाजवू द्यावेत.

हायवेवर ब्रेकची जागा हवा घेते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. उंच डोक्याच्या, डब्यासारख्या गाड्यांना याची झळ जास्त लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे, तरी डावीकडच्या लेनमधून एकसारख्या ८० ने गेल्यास साधारण शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात पंधरा मिनिटे जास्त लागतात आणि लिटरमागे दोन-तीन किलोमीटर सहज वाढतात. टपावर कॅरिअर बसवले असेल, तर सामान नसतानाही ते हवा अडवते; काम झाले की काढून ठेवावे. डिकीतल्या पाण्याच्या कॅनचे, क्रिकेटच्या किटचे आणि जुन्या सामानाचेही तेच. साडेआठशे किलोच्या गाडीत पन्नास किलो म्हणजे सहा टक्के वजन झाले, आणि प्रत्येक सिग्नलला ते पुन्हा हलवावे लागते.

एसीबद्दल मी टोकाचा सल्ला देत नाही. छोट्या इंजिनाला एसीच्या कॉम्प्रेसरचा भार जाणवतो आणि शहरात दहा-पंधरा टक्के अ‍ॅव्हरेज त्यात जाऊ शकते. पण एप्रिल-मेच्या दुपारी घामाघूम होऊन गाडी चालवणे सुरक्षित नाही. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा पहिली दोन-तीन मिनिटे उघड्या ठेवून आतली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे, आणि थंडावा आल्यावर तापमान थोडे वाढवावे. सकाळी व संध्याकाळी कमी वेगात काचा उघड्या ठेवणे फायद्याचे असते. ताशी ६०-७० च्या पुढे मात्र उघड्या काचांमधून शिरणारा वारा गाडीला अडवतो, तेव्हा एसीच बरा.

टायरच्या हवेकडे नव्या गाडीचे मालक सहसा पाहतच नाहीत, कारण गाडी नवी असते. चालकाच्या दाराच्या खांबावर कंपनीचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी पुढच्या व मागच्या टायरचा दाब दिलेला असतो, आणि तोच प्रमाण मानावा. हवा भरणारा मुलगा ‘सगळ्यांत तीस टाकतो’ म्हणाला, तर त्याला तक्ता दाखवावा. दाब टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर किंवा घरापासून किलोमीटर-दोन किलोमीटरच्या आत तपासावा. चालून तापलेल्या टायरमध्ये तो तीन-चार पौंडांनी जास्त दिसतो आणि आपण फसून हवा कमी करतो. पंधरा दिवसांतून एकदा तपासणी पुरेशी आहे. मायलेज वाढवण्यासाठी तक्त्याच्या वर चार-पाच पौंड भरणाऱ्यांना माझा विरोध आहे, कारण पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर टायरची पकड लागते, आणि ती अशाने कमी होते.

छोट्या फेऱ्यांचा फटका किती मोठा असतो हेही लक्षात घ्यावे. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो, तेल घट्ट असते, आणि इंजिन पूर्ण तापायला काही किलोमीटर जावे लागतात. मुलांना दीड किलोमीटरवरच्या शाळेत सोडून परत येणारी गाडी जवळजवळ पूर्ण वेळ थंडच चालते. शक्य असल्यास सगळी कामे एका फेरीत घ्यावीत आणि त्यातही लांबचे काम आधी करावे, म्हणजे इंजिन एकदा तापते आणि नंतरच्या थांब्यांनंतर ते गरमच सुरू होते. सकाळी गाडी पाच मिनिटे उभी तापवण्याची मात्र गरज नाही. सुरू करून सीट बेल्ट लावेपर्यंतचा वेळ पुरे असतो. पुढचे किलोमीटर-दोन किलोमीटर सौम्य चालवावे.

शोरूमच्या ‘तिसऱ्या सर्व्हिसिंगनंतर वाढेल’ या उत्तरात थोडे तथ्य आहे. नव्या इंजिनातील पिस्टनच्या रिंगा, गिअर, बेअरिंग आणि टायर सुरुवातीच्या काही हजार किलोमीटरमध्ये बसत जातात आणि त्याने अ‍ॅव्हरेज थोडे सुधारते. पण १५ चे २४ त्याने होत नाहीत. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये एकाच वेगाने फार वेळ जाऊ नये, इंजिन ओरडवू नये आणि वरच्या गिअरमध्ये रेटूही नये. त्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते तेल. आजच्या छोट्या इंजिनांना मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० या पातळ ग्रेडचे किंवा त्याहूनही पातळ तेल सांगितलेले असते आणि जाहीर अ‍ॅव्हरेज त्याच तेलावर आलेले असते. सर्व्हिसिंगला ‘जाड तेल इंजिनाला चांगले’ म्हणून दुसरे भरले, तर अ‍ॅव्हरेज कमीच होते. बिलावर तेलाचा ग्रेड वाचूनच सही करावी.

पंपावर मिळणाऱ्या ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही थोडा हिस्सा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. आपली नवी गाडी या इंधनासाठीच तयार केलेली असल्यामुळे ती यातले काही भरून काढते. तरीही दहा वर्षांपूर्वीच्या गाडीशी आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे. महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल साध्या, टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात भरून काही हाती लागत नाही. पहाटे थंडीत पेट्रोल भरले तर जास्त मिळते, हेही खरे नव्हे. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबके, हायड्रोजनचे किट आणि आपल्या स्नेह्यांनी सुचवलेले औषध यांवर एक रुपयाही खर्च करू नये. इंजेक्टर साफ करणाऱ्या द्रव्याचा उपयोग जुन्या, काजळी धरलेल्या इंजिनात होऊ शकतो. तीन महिन्यांच्या गाडीत साफ करण्यासारखे काही नसते. एअर फिल्टरही अ‍ॅव्हरेजसाठी वारंवार बदलू नये. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप कमी झाले, पण अ‍ॅव्हरेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. धुळीपासून इंजिन वाचवण्यासाठी तो वेळेवर बदलावा, एवढेच.

हे सगळे केल्यावर, वाहतूक तीच राहिली तरी आपल्या वाटेवर १७-१८ मिळावेत असा माझा अंदाज आहे, आणि लवकर निघणे जमले तर १९ पर्यंतही जाता येईल. तरीही फरक पडला नाही, तर दोषाची शंका घ्यावी आणि तिची तपासणी अशी करावी. रविवारी सकाळी लवकर मोकळ्या, सपाट हायवेवर टायरचा दाब तक्त्याप्रमाणे ठेवून, एसी बंद करून, पाचव्या गिअरमध्ये एकसारख्या ६५-७० वेगाने वीसएक किलोमीटर जावे आणि तेवढेच परत यावे, म्हणजे चढ आणि वारा यांची भरपाई होते. पडद्यावर लिटरला २२ च्या वर दिसले, तर गाडी निर्दोष आहे. १८ च्या आसपासच राहिले, तर थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावे. ब्रेकच्या डिस्कला स्पर्श करू नये. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेले असेल, तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही. सपाट जागी न्यूट्रलमध्ये हँडब्रेक सोडून एका माणसाने ढकलल्यावर गाडी सहज सरकली पाहिजे. तसेच हात सैल सोडल्यावर गाडी सतत एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंट, म्हणजे चाके सरळ रेषेत आहेत का, ते तपासावे.

या निरीक्षणांसह वॉरंटीत गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी आणि जॉब कार्डवर ‘अ‍ॅव्हरेज कमी’ एवढेच लिहू देऊ नये. तीन टाक्यांचे लिटर आणि किलोमीटर, हायवेवरच्या चाचणीचा आकडा आणि कोणते चाक तापते, हे लिहून घ्यायला सांगावे. स्कॅनर लावून धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचे आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या तापमानाचे आकडे गाडी चालू असताना दाखवावेत, अशीही मागणी करावी. इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल, तर इंजिन कधी पूर्ण तापत नाही, कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, आणि हा दोष डॅशबोर्डवर दिवा न लागताही राहू शकतो. त्यानंतर कंपनीचा तंत्रज्ञ आपल्यासोबत गाडीत बसून चाचणी घेईल. त्या वेळी गाडी त्याने चालवावी आणि आपण शेजारी बसून त्याचा पाय पाहावा.